नियमात तरतूद नाही

नोकरीच्या निमित्ताने काशीस येऊन राहिलेल्या मराठी माणसास पहिल्या वर्षातच दोन गोष्टी कळून येतात. पहिली ही की, येथे आपण अगदीच परके नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आली. विश्वेश्वराचे मंदिर अहल्याबाईंनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट अद्याप गंगेच्या काठी उभे आहेत. दुसरी गोष्ट कळण्यास थोडा वेळ लागतो. आम्ही ज्या वाड्यात भाड्याने राहतो, त्याच्या तळमजल्यावरील एका अंधाऱ्या खोलीस आजही ‘बाईंची खोली’ म्हणतात. कोणत्या बाई, हे आता कोणासच सांगता येत नाही. परंतु अशा खोल्या या शहरात पुष्कळ होत्या. महाराष्ट्रातील घराघरांतून ज्या विधवांस घरात स्थान उरले नव्हते, त्यांतील कित्येकींस येथे आणून सोडण्यात येई. समाजाच्या विवाहविषयक नियमात जिचे नाव बसत नसे, तिच्यासाठी काशीची वाट मोकळी असे.

ही प्रस्तावना करण्याचे कारण असे की, अशाच एका नियमाची अंमलबजावणी करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी खुद्द आमच्यावर आला. आमच्या कचेरीत आमच्याहून वयाने वडील अशा एक मराठी भगिनी होत्या. आम्ही त्यांस ताई म्हणत असू. त्यांची एक मैत्रीण, तीही केंद्र सरकारच्याच दुसऱ्या एका खात्यात, याच शहरी नोकरीस. दोघी बारा वर्षे एका घरात राहत होत्या. ताईंच्या वृद्ध आईची शुश्रूषा त्या मैत्रिणीच्या हातून जितकी झाली, तितकी पोटच्या मुलाकडून होताना आम्ही फारशी पाहिलेली नाही. त्या दोघींमधील नाते काय, हे सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. ताईंची दूरच्या प्रांतात बदली झाली, तेव्हा त्यांनी जे आजवर कोणी कागदावर लिहिले नव्हते ते लिहिले. पती व पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर त्यांची नेमणूक शक्यतो एकाच ठिकाणी करावी, अशा सूचना १९८६ सालापासून आहेत. २००९ साली त्या नव्याने आणि अधिक ठाम शब्दांत काढण्यात आल्या. सरकारी सेवकाचे कुटुंबजीवन सुरळीत चालावे, हा त्यांमागील हेतू. याच हेतूचा आधार घेऊन ताईंनी अर्ज केला. तो आमच्या टेबलावर आला आणि त्यावर राजभाषेत टिपण लिहिले ते आम्हीच: ‘नियमों में प्रावधान नहीं है.’

ते टिपण ताईंनी वाचले. रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “बरोबरच लिहिलंत, भाऊ. दुसरं काय लिहिणार?” महिन्याभराने त्या गेल्या. त्यांची मैत्रीण आजही येथे त्यांच्या आईजवळ आहे.

टिपण नियमास धरून होते, याविषयी आम्हांस आजही शंका नाही. शंका आहे ती नियमाविषयी. आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण मुलखाबाहेर नोकरी करणारे आणि रोज असलीच टिपणे लिहिणारे किंवा त्यांवर सही करणारे. म्हणून हा विचार त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो. सरकारी सेवकांचे १९६४ चे आचरण-नियम आम्ही विसरलेलो नाही. न्यायासनाचा निर्णय शिरसावंद्य आहे. परंतु निर्णय मानणे आणि त्याची कारणमीमांसा पटणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरीविषयी बोलण्याचा नागरिकाचा अधिकार कोणत्याही नियमाने काढून घेतलेला नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ने दोन प्रौढ व्यक्तींचा स्वेच्छेचा समलिंगी संबंध गुन्हा ठरविला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरविले. या लोकांची इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निर्णयात काढले. त्यानंतर साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला: जो सहवास गुन्हा नाही, त्यास विवाहाची मान्यता का नसावी? पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे एप्रिल आणि मे २०२३ मध्ये त्यावर दहा दिवस युक्तिवाद झाला आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निर्णय आला. घटनेत विवाहाचा निरपवाद मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. १९५४ चा विशेष विवाह कायदा रद्द करण्यास किंवा त्यात नवे शब्द घालून तो वाचण्यास त्यांपैकी कोणीही तयार झाले नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी इतके म्हटले की, अशा जोडप्यांस एकत्र नांदण्याचा हक्क आहे आणि त्या नात्यास मान्यता देणे राज्याचे कर्तव्य आहे. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह यांनी तेही नाकारले. फेरविचाराचे अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळले गेले.

कोणी म्हणेल, मग यात बंदी कोठे आहे? समलिंगी विवाह करणाऱ्यास आज कोणीही तुरुंगात टाकीत नाही. याच काशीत एका शिवालयात दोन तरुणींनी लग्न केल्याची बातमी जुलै २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी छापली होती, आणि त्यांना कोणत्याही कलमाखाली शिक्षा झाली नसती. हे खरे आहे. परंतु दारावर ‘प्रवेश बंद’ अशी पाटी नसली आणि आतून कडी मात्र घातलेली असली, तर बाहेर उभ्या असलेल्यास पाटी नसल्याचे समाधान कितपत मिळावे? सरकारच्या दृष्टीने विवाह म्हणजे अक्षता आणि मंगलाष्टके नव्हेत. सरकारच्या दृष्टीने विवाह म्हणजे कुटुंबनिवृत्तिवेतन, आरोग्ययोजनेचे ओळखपत्र, रजा-प्रवास सवलत, वारसा, दत्तक आणि बदलीतील सहानुभूती. जुन्या सेवकांच्या भविष्यनिर्वाह निधीचा नियमच पाहा. ज्यास ‘कुटुंब’ आहे त्याने कुटुंबाबाहेरील व्यक्तीचे नाव नामनिर्देशनात लिहू नये, असे तो सांगतो, आणि आईवडील हे कुटुंबात मोडतात. म्हणजे आई हयात असेपर्यंत अशा सेवकास आपल्या बारा वर्षांच्या सोबत्याचे नाव त्या कागदावर लिहिण्याचीही सोय नाही. हे सारे विवाहाच्या एका दाराआड ठेवलेले आहे, आणि ते दार राज्याने बांधलेले आहे.

आता मुख्य मुद्दा. घटनेत विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असे घटकाभर धरून चालू. त्यातून काय निष्पन्न होते? सरकारी नोकरी हाही कोणाचा मूलभूत हक्क नाही. आपल्यास नोकरी मिळालीच पाहिजे, असा दावा घेऊन आपल्यापैकी कोणीही न्यायालयात गेला असता तर त्यास हात हलवीत परतावे लागले असते. परंतु जात, धर्म किंवा लिंग पाहून सरकारने आपला अर्ज फेटाळला असता, तर अनुच्छेद १४, १५ आणि १६ आपल्या पाठीशी उभे राहिले असते. जी वस्तू देणे राज्यावर बंधनकारक नाही, ती एकदा देऊ लागल्यावर समानतेने देणे मात्र बंधनकारक आहे. राज्याने विवाहाची नोंदवही उघडली नसती तर गोष्ट वेगळी होती. ती उघडली, तिच्याशी शेकडो लाभ जोडले, आणि मग नागरिकांच्या एका वर्गास सांगितले की तुमच्यासाठी यात रकाना नाही. प्रश्न विवाहाच्या हक्काचा नसून समान वागणुकीच्या हक्काचा आहे. आणि तो हक्क मूलभूत आहे, याविषयी दुमत नाही.

ही वागणूक लिंगावर आधारलेली आहे की नाही, तेही पाहू. एक स्त्री एका पुरुषाशी विवाह नोंदविण्यास गेली तर अधिकारी नोंद करतो. तिच्या जागी, त्याच वयाचा, तितक्याच शहाणपणाचा पुरुष त्याच पुरुषाबरोबर गेला तर अधिकारी नोंद करीत नाही. दोन अर्जांत फरक किती? एकाच रकान्याचा, आणि तो रकाना लिंगाचा. अनुच्छेद १५ जो भेद करू नये म्हणून सांगतो तो हाच. पुरुषासही पुरुषाशी लग्न करता येत नाही आणि स्त्रीसही स्त्रीशी करता येत नाही, तेव्हा दोघे समानच झाले, असे उत्तर काही जण देतात. ही समानता म्हणजे ब्राह्मणाने ब्राह्मणाशी आणि महाराने महाराशीच लग्न करावे, म्हणजे दोघांवर बंधन सारखेच, असे म्हणण्यासारखे आहे. असल्या सारखेपणास आमच्या घटनाकारांनी समता म्हटलेले नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ या शब्दांनी विवाहाची गोष्ट सुरू करते खरे. परंतु पुढे पुरुषास एकवीस आणि स्त्रीस अठरा अशी वये दिली आहेत, निषिद्ध नात्यांच्या याद्याही स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या आहेत, आणि वारसा, पोटगी वगैरे अनेक कायदे त्यास चिकटलेले आहेत. एक धागा ओढला की सारा पट उसवेल, ही भीती. कारकुनाच्या खुर्चीवरून आम्हांस याचे उत्तर देणे सोपे वाटते. २०१४ साली न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींस मान्यता दिली, तेव्हा किती अर्जांतील, किती नोंदवह्यांतील रकाने बदलावे लागले! ते बदलले आणि कचेऱ्या बंद पडल्या नाहीत. कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध कायदाच नव्हता, तेव्हा १९९७ साली न्यायालयाने स्वतः नियम घालून दिले, आणि संसदेचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. तोवरची सोळा वर्षे देश त्याच नियमांवर चालला. नमुना-अर्ज बदलावयाचा त्रास हा हक्क नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. तो त्रास सोसण्यासाठीच आम्हांस वेतन मिळते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यास हसून वाट काढून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. विवाहासारख्या विषयाची फेररचना लोकनियुक्त कायदेमंडळाने करावयाची, पाच न्यायमूर्तींनी नव्हे, असे तो सांगतो. नवा कायदा लिहिणे हे संसदेचे काम, हे आम्हांस मान्य आहे. परंतु असलेला कायदा घटनेशी विसंगत आहे की नाही हे सांगणे कोणाचे काम? अनुच्छेद १३ आणि ३२ यांनी ते न्यायालयावर सोपविले आहे. दोन्ही कामांचा मेळ घालता येतो, हे इतरांनी दाखवून दिले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये तेथील विवाहकायदा घटनेशी विसंगत असल्याचे सांगितले आणि दुरुस्तीसाठी संसदेस एक वर्षाची मुदत दिली. नोव्हेंबर २००६ मध्ये कायदा झाला. तैवानच्या न्यायालयाने मे २०१७ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली. मे २०१९ मध्ये कायदा अमलात आला. आपल्या न्यायालयासही असे म्हणता आले असते. हक्क आहे, असे न्यायालयाने सांगावयाचे. तो कोणत्या रीतीने द्यावयाचा, हे संसदेने ठरवावयाचे. बहुमताच्या निर्णयानेही या जोडप्यांस निवृत्तिवेतन, निधी यांसारख्या लाभांस मुकावे लागते, हे मान्य केले आहे. दुखणे मान्य करावयाचे आणि औषधाची चिठ्ठी मात्र समितीकडे पाठवावयाची, हे आम्हांस समजत नाही.

त्या समितीविषयीही दोन शब्द. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्याच वर्षी काही पत्रके निघाली: शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्यास एका घरातील मानावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि सोबत्याचे नाव नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, जवळचा नातेवाईक नसल्यास सोबत्यास पार्थिव ताब्यात घेता यावे. ही पत्रके चांगलीच आहेत आणि ज्यांनी ती काढली त्यांचे आम्ही आभार मानतो. परंतु पत्रकाचे आयुष्य किती असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक! एका पत्रकाने दिलेले दुसऱ्या पत्रकाने परत घेता येते. जे काढून घेता येते ती मेहेरबानी. घटना मेहेरबानीसाठी लिहिली गेली नाही.

राहिला धर्माचा आणि संस्कृतीचा आक्षेप. विवाह हा संस्कार आहे, प्रजोत्पादन हे त्याचे प्रयोजन आहे, आणि हे सारे खूळ पाश्चात्त्यांकडून शहरातल्या उच्चभ्रूंनी आणले आहे, असे म्हटले जाते. सुनावणीच्या वेळी सरकारनेही ही मागणी शहरी अभिजनांची असल्याचे म्हटले होते. १९८७ साली मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातील ज्या दोन स्त्री-शिपायांनी परस्परांशी गांधर्वविवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली, त्या कोणत्या अभिजनवर्गातील होत्या? पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे काही आले असेल तर ते कलम ३७७ होय. ते मेकॉलेच्या मसुद्याच्या परंपरेतून आले, आमच्या स्मृतींतून नव्हे. शेजारच्या नेपाळात न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये असा पहिला विवाह नोंदला गेला. थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून कायदाच अमलात आला. ही राष्ट्रे युरोपात नाहीत. प्रजोत्पादनाविषयी म्हणाल, तर साठीच्या वधूवरांचा विवाह नोंदविताना कोणताही अधिकारी त्यांस अपत्याविषयी विचारीत नाही. आणि विशेष विवाह कायद्यात संस्कार मुळात नाहीच; ज्यांस संस्काराखेरीज विवाह करावयाचा आहे त्यांच्यासाठीच तो केलेला आहे. कोणत्याही पुरोहिताने कोणाचे लग्न लावलेच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. आमचा वाद नोंदणी-अधिकाऱ्याशी आहे.

तरीही ज्यांस शास्त्राची चाड आहे, त्यांनी याच काशीकडे पाहावे. १६७४ साली राज्याभिषेकास शास्त्राची अडचण उभी राहिली, तेव्हा येथील गागाभट्टांनी रायगडावर जाऊन मार्ग काढला. महाराजांची मुंज त्या वयात झाली, आणि आधी झालेले विवाहही समंत्रक पुन्हा लावण्यात आले. इच्छा असली की शास्त्रास वाट सापडते, हे आम्ही मराठी माणसांनी जगास शिकवावे. इच्छा नसली की काय होते, तेही आम्हीच दाखविले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा सदतीस वर्षांच्या कायद्यानंतरही मुरूडने त्यांस वाळीत टाकले. त्यांचेच चिरंजीव रघुनाथराव ‘समाजस्वास्थ्य’ काढीत. १९३४ साली त्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांसही, दिलेली उत्तरे हा त्यातील विषय होता, आणि रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पुढे चौदा वर्षांनी घटनासमितीत घटनेचा मसुदा मांडताना त्याच आंबेडकरांनी बजावले की घटनात्मक नीती ही निसर्गतः उपजणारी भावना नव्हे, ती प्रयत्नाने जोपासावी लागते. हा विषय मराठी मनास नवा आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी इतके तरी स्मरावे. ‘मित्राची गोष्ट’ हे तेंडुलकरांचे नाटक येऊनही चाळीसहून अधिक वर्षे लोटली.

बहुसंख्य समाजास हे रुचत नाही, हा शेवटचा मुद्दा. आणि तो खरा असण्याचा संभव आहे. आमच्या घरातही तो रुचेल असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. परंतु मूलभूत हक्कांचे प्रकरण घटनेत घातले गेले ते बहुसंख्यांस जे रुचते त्याच्या रक्षणासाठी नव्हे. त्यासाठी निवडणूक पुरेशी असते.

वाट अगदीच बंद आहे असे नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे म्हटले. पतिपत्नींमधील भेटींस मिळणारी करमाफी आपल्यासही मिळावी, अशी मागणी एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावर महान्यायवादींस नोटीस निघाली. रकान्यारकान्याने हा लढा चालू राहील, असे दिसते. तोवर आपल्यासारख्यांनी काय करावे? नियमाबाहेर जाऊन काही द्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. ते आपल्या हाती नाही. परंतु टिपणात दोन ओळी अधिक लिहिणे आपल्या हाती असते. ‘नियमात तरतूद नाही’ या वाक्यापुढे ‘तथापि नियमाचा हेतू पाहता हे प्रकरण विचारार्थ वर पाठविणे उचित होईल’ असे लिहिण्यास कोणत्याही आचरण-नियमाची आडकाठी नव्हती. आम्ही ते लिहिले नाही. भीतीने नव्हे, सुचलेच नाही. नियमाने ज्यांस पाहिलेले नसते, त्यांस नियम राबविणाराही पाहीनासा होतो.

ताईंच्या आईंस भेटावयास आम्ही मधूनमधून जातो. परवा गेलो तेव्हा त्या विचारीत होत्या, “तिची बदली इकडे कधी होईल हो? तुम्ही कचेरीतले, तुम्हांला कळत असेल.” शेजारी औषधाचा चमचा धरून त्यांची ती दुसरी मुलगी उभी होती. तिचे नाव आमच्या कोणत्याही नोंदवहीत नाही. आम्ही म्हणालो, “अर्ज पुन्हा करायला सांगा, आई. टिपण मी लिहीन.”